मुक्काम आधी, स्थळे नंतर: बेळगाव सीमाभागातील सहा दिवसांच्या प्रवासाची आखणी

बेळगावात राहणाऱ्या कुठल्याही घरात दर वर्षी पुण्या-मुंबईकडचे पाहुणे येतात आणि त्यांच्या हातात एक यादी असते. गोकाकचा धबधबा, सौंदत्तीची यल्लम्मा, कित्तूरचा किल्ला, भीमगडचे जंगल, जमल्यास दूधसागर आणि परतताना बेळगावची मिठाई असलेला कुंदा, हे सगळे त्यांना दोन दिवसांत उरकायचे असते. बेळगाव हा क्षेत्रफळाने कर्नाटकातील सर्वांत मोठा जिल्हा आहे, ही गोष्ट ती यादी करताना कुणाच्या लक्षात आलेली नसते. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीचा घनदाट पट्टा आहे, तर पूर्वेकडे काळ्या मातीची, ज्वारीची, उन्हाने तापणारी मोकळी राने आहेत. एका यादीतली दोन ठिकाणे कधीकधी केवळ अंतरानेच नव्हे, तर हवामानानेही एकमेकांपासून दूर असतात.

म्हणून शहर, लहान गावे आणि निसर्ग या तिन्हींना वाव देणारा प्रवास आखायचा असेल, तर सुरुवात स्थळांच्या यादीने न करता मुक्कामांनी करावी, असे अनेक पाहुण्यांना फिरवल्यानंतर माझे मत झाले आहे. रात्र कुठे काढायची हे ठरले, की दिवसाचा पल्ला आपोआप ठरतो, आणि त्या पल्ल्यात न बसणारे ठिकाण कितीही प्रसिद्ध असले तरी सोडून देता येते. या लेखात सहा दिवसांची आणि पाच रात्रींची आखणी धरली आहे. दिवस कमी असतील तर मुक्काम कमी करावेत, मात्र एका दिवसात कोंबलेली ठिकाणे वाढवू नयेत.

पहिली पायरी: महिना ठरवणे

या भागात एकच महिना सगळ्या ठिकाणांना सारखा मानवत नाही, आणि आखणीतली पहिली तडजोड इथेच करावी लागते. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा या बाजूला जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस असतो. त्या काळात डोंगर सर्वांत सुंदर दिसतात हे खरे, पण जंगलातले रस्ते आणि ओढे तेव्हाच सर्वांत धोकादायक असतात, आणि वन खाते पावसाळ्यात धबधब्यांकडे जाण्यास अनेकदा बंदी घालते. गोकाकचे अगदी उलट आहे. घटप्रभा नदीचा हा सुमारे ५२ मीटर उंचीचा धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच जायला हवे, कारण उन्हाळ्यात तिथे बहुतांशी उघडा कातळच दिसतो. शिवाय वरच्या बाजूला हिडकलचे धरण असल्यामुळे धबधब्याचे रूप केवळ पावसावर नव्हे, तर धरणातून किती पाणी सोडले आहे यावरही अवलंबून असते. म्हणून गोकाकला निघण्यापूर्वी स्थानिक वर्तमानपत्रातली धरणाच्या विसर्गाची बातमी पाहावी.

ज्यांना एकाच फेरीत तिन्ही प्रकार हवे आहेत, त्यांनी ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात हा काळ निवडावा. जंगल हिरवे असते, वाटा वाळलेल्या असतात आणि पूर्वेकडच्या गावांत दुपारचे ऊन सोसवते. ज्यांचे मन धबधब्यावरच आहे, त्यांनी ऑगस्टमध्ये यावे आणि जंगलातला मुक्काम सरळ वगळून त्याऐवजी गोकाकचा दिवस धरावा. दोन्ही हवे असा आग्रह धरणाऱ्यांच्या पदरी बहुधा अर्धे-अर्धेच पडते.

महिना ठरला की दिनदर्शिका पुढ्यात घ्यावी. माघ पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मेची मोठी यात्रा भरते आणि कर्नाटकाप्रमाणेच महाराष्ट्रातूनही भाविक गाड्या भरभरून येतात. यात्रा पाहायची असेल तर तोच दिवस धरावा, पण केवळ मंदिर पाहायचे असेल तर तो टाळावा. १ नोव्हेंबर रोजी बेळगाव शहरात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक असते, मराठी भाषक त्या दिवशी काळा दिन पाळतात, आणि बंदोबस्तामुळे वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी शहरदर्शन ठेवण्यात अर्थ नाही. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरमध्ये भरते, आणि तेव्हा शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळणे अवघड होते. वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेशोत्सव हे मात्र मुद्दाम बेळगावात राहून पाहण्यासारखे आहेत. त्या दिवसांत आधी खोली पक्की करावी आणि मगच गाडीचे तिकीट काढावे.

दुसरी पायरी: प्रवासाला एक धागा देणे

ठिकाणे एकमेकांना जोडणारा धागा नसेल तर प्रवास म्हणजे नुसती धावपळ होते. या भागात तो धागा शोधावा लागत नाही, कारण मलप्रभा नदी तो हातात देते. ती कणकुंबीला उगम पावते, खानापूर आणि असोग्याच्या बाजूने वाहत येते, एम. के. हुबळीजवळ महामार्ग ओलांडते आणि सौंदत्तीपाशी नविलुतीर्थाच्या धरणात अडते. उगमापाशी जंगल, मध्ये बाजारपेठेची लहान गावे, शेवटी कोरडवाहू माळ, असा निसर्गाचा आणि वस्तीचा क्रम नदीनेच लावून दिलेला आहे. म्हणून बेळगाव शहरातून निघून पश्चिमेला उगमाकडे जावे आणि तिथून पाण्याबरोबर पूर्वेकडे उतरावे.

या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. प्रवास बेळगावात सुरू होऊन धारवाडला संपवता येतो, त्यामुळे त्याच रस्त्याने परत यावे लागत नाही. लोक परतीचा दिवस मोजायला विसरतात आणि शेवटचा दिवस बसच्या खिडकीत घालवतात. धारवाडहून पुण्या-मुंबईकडे रेल्वे मिळते, आणि फलाटावर पोहोचण्यापूर्वी धारवाडी पेढे घेता येतात. त्यासाठी बेळगावच्या कुंद्याशी फितुरी केल्याचे पाप मी पत्करायला तयार आहे.

तिसरी पायरी: मुक्काम ठरवणे

पाच रात्रींची वाटणी मी अशी करतो: दोन रात्री बेळगाव, दोन रात्री जांबोटी-कणकुंबी परिसर, आणि एक रात्र कित्तूर किंवा खानापूर. शहराला दोन रात्री पुरतात. जंगलालाही दोनच लागतात आणि एकीवर भागवू नये, कारण पहिल्या दिवशी आपण पोहोचतो तेव्हा दुपार झालेली असते आणि जंगल पहाटे पाहायचे असते.

बेळगावात राहण्याची जागा निवडताना रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक आणि किल्ला यांपैकी निदान दोन ठिकाणे रिक्षाच्या जवळच्या टप्प्यात असतील असे पाहावे. महामार्गालगतच्या मोठ्या हॉटेलांत गाडी लावायला जागा मिळते, पण संध्याकाळी गणपत गल्ली आणि खडेबाजारात पायी हिंडण्याची मजा हातची जाते. जांबोटी-कणकुंबीकडे खासगी निवासस्थाने आणि घरगुती सोयी आहेत, शिवाय भीमगड परिसरात वन खात्याच्या शिबिरात राहण्याची व्यवस्था आहे. तिचे आरक्षण आधीच करावे लागते आणि ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवावी लागते. जेवण आगाऊ सांगून ठेवावे. त्या बाजूला रात्री आठनंतर पोहोचून 'काहीतरी करून द्या' असे म्हणणे यजमानाला संकोचात टाकणारे असते.

चौथी पायरी: रस्त्याचा वेळ मोजणे

अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावे. पुणे-बंगळूर महामार्गावर बेळगाव ते कित्तूर हे सुमारे ५० किलोमीटरचे अंतर तासाभरात कापता येते, पण बेळगाव ते कणकुंबी हे त्याहून कमी अंतर कापायला अनेकदा तितकाच किंवा अधिक वेळ लागतो. कणकुंबीचा हा चोर्ला घाटाचा रस्ता पुढे गोव्याकडे जाणारा असल्यामुळे त्यावर वाहतूक असते, वळणे असतात आणि पावसाळ्यानंतर खड्डेही असतात. मी जंगलातल्या रस्त्यांसाठी ताशी ३० किलोमीटरचा हिशेब धरतो आणि दिवसात एकूण प्रवास साडेतीन तासांच्या वर जाऊ देत नाही. अंधार पडल्यानंतर जांबोटीच्या पुढे गाडी चालवू नये. गवे रस्त्यावर उभे राहतात, अस्वलांचाही या भागात वावर आहे, आणि वळणावर दोघेही दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

स्वतःची गाडी नसेल तर आखणी वेगळी करावी लागते. बेळगाव ते खानापूर बस सतत मिळतात, आणि मिरज-लोंढा मार्गावरील रेल्वेनेही खानापूरला उतरता येते. त्यापुढे खेड्यांत जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या असतात. अशा वेळी वस्तीच्या गाडीची चौकशी करावी. जी बस संध्याकाळी खेड्यात जाऊन रात्री तिथेच थांबते आणि सकाळी पहिल्या फेरीला परत निघते, तिच्यावर त्या गावाचा सगळा व्यवहार चाललेला असतो. तिने जाऊन दुसऱ्या दिवशी तिनेच परतता आले तर वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या जीपची वाट पाहत तिकटीवर उभे राहावे लागत नाही. वेळा मात्र बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर स्वतः विचाराव्यात, मोबाइलवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नये.

११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्यांतर्गत साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी, विशेषतः देवस्थानांकडे जाणाऱ्या बस खच्चून भरलेल्या असतात. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी निघावे. ही सवलत कर्नाटकच्या रहिवासी महिलांनाच असल्यामुळे कोल्हापूरच्या मावशीने तिकीट काढायचे असते, आणि बेळगावच्या आत्याने पत्ता असलेले ओळखपत्र विसरायचे नसते.

पाचवी पायरी: दिवसांची मांडणी

पहिला दिवस पोहोचण्यात जातो, म्हणून त्या दिवशी संध्याकाळच्या बाजाराखेरीज काहीही ठेवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किल्ल्यात जावे. खंदकाने वेढलेल्या या किल्ल्यात १२०४ साली रट्ट राजवटीत उभारलेली कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. त्याच्या छतात कोरलेले दगडी कमळ पाहण्यासाठी मान दुखेपर्यंत वर बघावे लागते. तिथेच जवळ सफा मशीद आहे आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही आहे. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात राहिले होते. दुपारी टिळकवाडीत यावे. १९२४ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे जे अधिवेशन इथे भरले, तेवढ्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले होते. त्या वेळी पाण्यासाठी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर या नावानेच ओळखली जाते.

त्यानंतर शहापूर आणि वडगावच्या गल्ल्यांतून चालत जावे, असे मी आग्रहाने सांगेन. संस्थानी काळात शहापूर सांगलीकडे होते आणि शेजारचे बेळगाव इंग्रजांकडे. आज रस्ता ओलांडताना ती सीमा दिसत नाही, पण घरांची ठेवण आणि विणकरांच्या गल्ल्यांतला मागांचा खडखडाट वेगळे काही सांगून जातो. संध्याकाळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर काढावी. गड लहान आहे, रस्ता वरपर्यंत जातो, आणि सूर्यास्ताच्या वेळी एका बाजूला शहर व दुसऱ्या बाजूला भातशेती असे दोन्ही एकाच ठिकाणाहून दिसते. मांडे खायचे असतील तर आदल्या दिवशी चौकशी करून सांगून ठेवावे, तो आयत्या वेळी मिळणारा पदार्थ नाही.

तिसऱ्या दिवशी न्याहारी करून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघावे. निघण्यापूर्वी पेट्रोल भरून घ्यावे आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. पुढे मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते, आणि रेंजच नसेल तर फोनवरून पैसे देणे जमत नाही. कणकुंबीत माउलीचे देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे. उगम म्हटल्यावर अनेकांना खळाळता झरा दिसेल असे वाटते आणि छोटे कुंड पाहून ते हिरमुसतात. पण याच परिसरात पाणलोटाची रेघ आहे: एका उतारावर पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो, तर दुसऱ्या उतारावरचा म्हादईतून अरबी समुद्रात जातो. म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात इतकी वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे मूळ या उतारातच आहे. हे माहीत असले म्हणजे तिथे पाहायचे पुष्कळ असते.

चौथा दिवस जंगलाचा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे आणि आतल्या किल्ल्यावरून त्याला नाव मिळाले आहे. या जंगलातल्या बारापेडे गुहा रॉटनच्या वटवाघळाच्या दुर्मीळ जातीमुळे जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहेत, पण त्या पर्यटकांनी डोकावण्याच्या जागा नव्हेत. वन खात्याच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्याबरोबर जेवढे पायी फिरता येईल तेवढेच फिरावे. सकाळचे तीन तास चालणे झाले की दुपार मोकळी सोडावी. पाहुण्यांना हा रिकामा अर्धा दिवस आधी खुपतो, आणि घरी गेल्यावर ते नेमके त्याच दुपारबद्दल बोलतात. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ ठेवावी. हिवाळ्यापासून पुढे मात्र गोचिडांपासून जपावे, कारण लगतच्या दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, वाळलेल्या पाचोळ्यावर बसू नये आणि परतल्यावर अंग नीट तपासून आंघोळ करावी. नंतर ताप आला तर आपण जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

पाचव्या दिवशी जांबोटीवरून खानापूरला उतरावे. नदीकाठच्या असोग्याच्या देवळात थोडा वेळ बसावे आणि मग नंदगड, हलशी, बिडी असे करत कित्तूर गाठावे. हा दिवस सर्वांत भरगच्च आहे आणि माझ्या हातून एकदा बिघडलाही आहे. खानापूरच्या बाजारात आणि पुढे जेवणात मी पाहुण्यांबरोबर इतका रेंगाळलो, की हलशीला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि भूवराह-नरसिंहाच्या देवळात आम्ही मोबाइलच्या उजेडात मूर्ती शोधत होतो. तेव्हापासून हलशी दुपारी बाराच्या आत, हा नियम मी मोडलेला नाही. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह आणि दुसऱ्यात नरसिंह, आणि मधल्या मंडपात उभे राहिले की दोन्हीकडे पाठ न करता कसे उभे राहावे हेच कळत नाही. बाराव्या शतकातला, गोव्याच्या कदंब घराण्याचा शिवचित्त पेरमाडी हा राजा इथे भेटतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची राणी कमलादेवी कित्तूरजवळच्या देगावात भेटते. तिथले कमलनारायणाचे देऊळ तिच्या नावाने ओळखले जाते. अशी दोन ठिकाणे लागोपाठच्या दिवशी पाहिली तर दुसरे अधिक कळते.

नंदगडलाही थांबावे. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथे फाशी दिले आणि त्याची समाधीही इथेच आहे. सहाव्या दिवशी देगाव पाहून झाल्यावर कित्तूरच्या किल्ल्यात गेले, की ज्या राणी चन्नम्माच्या बाजूने तो लढला, तिच्या वाड्याचे अवशेष समोर येतात. १८२४ च्या ऑक्टोबरमधली लढाई याच जागी झाली. राणीचा जन्म बेळगावजवळच्या काकतीचा आणि समाधी बैलहोंगलची, त्यामुळे इतिहासाची आवड असलेल्यांना काकती, कित्तूर, बैलहोंगल, नंदगड असा वेगळाच चार गावांचा प्रवास आखता येईल. बाकीच्यांनी कित्तूरहून सौंदत्तीकडे निघावे, यल्लम्माचे दर्शन घ्यावे, नविलुतीर्थाच्या धरणावर संध्याकाळपूर्वी पोहोचावे, आणि कणकुंबीच्या कुंडात पाहिलेले पाणी आता समुद्रासारखे पसरलेले पाहून धारवाडची वाट धरावी.

गोकाक कुठे बसवावे

गोकाक या मार्गावर येत नाही आणि ओढून आणू नये. कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांनी संकेश्वरपाशी महामार्ग सोडून हुक्केरी-घटप्रभामार्गे गोकाक करावे आणि संध्याकाळी बेळगावात शिरावे. म्हणजे पोहोचण्याचा दिवसच सार्थकी लागतो. धबधब्यावरचा झुलता पूल पाणी वाढले की बंद ठेवला जातो, तेव्हा हुज्जत घालू नये. काठावरची चालुक्यकालीन देवळे पाहावीत, गावातून करदंट ही डिंक आणि सुक्यामेव्याची मिठाई घ्यावी, घरात लहान मूल असेल तर गोकाकची रंगवलेली लाकडी फळेही घ्यावीत. वेळ उरला तरच मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा करावा.

भाषेची तयारी

खानापूर तालुक्यात आणि बेळगाव शहरात मराठीवर सहज निभावते. बैलहोंगल, सौंदत्तीकडे गेले की कन्नडच चालते, आणि बसच्या पाट्याही कन्नड लिपीतच असतात. आपल्या मुक्कामांची पाच-सहा नावे कन्नड लिपीत कागदावर लिहून घ्यावीत, म्हणजे पाटीशी ताडून पाहता येतात. यावाग म्हणजे केव्हा, एल्ली म्हणजे कुठे, एष्टु म्हणजे किती, ऊटा म्हणजे जेवण, एवढे चार शब्द आले तरी वाहकाचा चेहरा खुलतो. वयाने मोठ्या माणसाला काकांऐवजी 'अज्जा' किंवा 'यजमानरे' म्हणून हाक मारावी, आणि बाईमाणसाला 'अक्का' म्हणावे. जेवणात तिकडे ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, आणि शेंगदाण्याची चटणी मिळेल. दुपारी दोननंतर खाणावळीत भाकरी संपलेली असते, म्हणून कित्तूरहून निघतानाच सौंदत्तीला दीडच्या आत पोहोचण्याच्या हिशेबाने निघावे.